किंग क्रिम्सन दर वेळी वेगळाच बँड का वाटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. किंग क्रिम्सन या इंग्लिश रॉक बँडचं ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ ऐकून वेड लागलं, म्हणून पुढचे अल्बम लावले, तर प्रत्येक अल्बमवर माणसं वेगळी आणि संगीतही वेगळंच. तेरा स्टुडिओ अल्बम, वीसहून जास्त वादक. याला एक बँड म्हणायचं का? बँडचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप सगळ्यांना हाकलत गेला हे खरं का? आणि कॉलेजात बेस वाजवणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

मी पंचवीसेक वर्षं बेस वाजवतोय. लग्नातल्या ऑर्केस्ट्रापासून जाहिरातींच्या जिंगलपर्यंत सगळीकडे वाजवलाय, आणि आठवड्यातले चार दिवस पुण्यात मुलांना शिकवतो. त्यामुळे उत्तर बेसच्या बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच कबूल करतो. पण या बँडच्या बाबतीत ती बाजू सोयीची आहे. फ्रिप १९६९ पासून २०२१ पर्यंत प्रत्येक संचात आहे, म्हणून लोक त्याच्या गिटारवरून बँड समजून घ्यायला जातात आणि गोंधळतात. जो माणूस जागचा हलतच नाही त्याच्याकडे बघून बदल कसा कळणार? नजर बेस आणि ड्रम्सच्या खुर्च्यांवर ठेवा. तिथे कोण बसलंय हे कळलं की अल्बम कसा वाजणार याचा निम्मा अंदाज येतो.

सुरुवात ‘रेड’ (१९७४) या अल्बमपासून करा. का, ते सांगायला एक जुनी फजिती सांगावी लागेल.

१९९५ च्या आसपास एका मित्राने मला ‘रेड’ कॅसेटवर भरून दिला. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. दुसऱ्या बाजूला त्याच्या वडिलांची नाट्यगीतं होती, त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. ‘रेड’ आहे जवळजवळ चाळीस मिनिटांचा. शेवटचं ‘स्टारलेस’ सुरू होतं अठ्ठाविसाव्या मिनिटाला. मेलोट्रॉन या टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे ढग, गिटारवर एक संथ धून, मग बेसवाला-गायक जॉन वेटनचा आवाज, आणि गाणं जरा कुठे रंगतंय तोच खट्ट. टेप संपली. दोन वर्षं माझी समजूत होती की ‘स्टारलेस’ हे एक उदास भावगीत आहे आणि भरताना त्याचं शेपूट तेवढं तुटलंय. मग एकदा मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये सीडी दिसली, खिशात होतं नव्हतं ते तिथे ठेवून आलो. घरी लावली. चार मिनिटं उलटली, कडवी संपली, आणि बेस एकटा सुरू झाला. ज्या वाद्यावर मी पोट भरायला निघालो होतो, त्याची इतकी मोठी जागा दोन वर्षं नाट्यगीतांच्या अलीकडे अडकून पडली होती!

ती जागा अशी आहे. बेसवर तेरा मात्रांचं आवर्तन, संथ, खर्जात. ड्रम्स नाहीतच म्हटलं तरी चालेल. ड्रमर बिल ब्रुफर्ड इकडेतिकडे टकटक करतोय. वर फ्रिप एकच स्वर वाजवतोय. खरंच एकच: दोन तारांवर आलटूनपालटून तोच स्वर. काही आवर्तनं झाली की तो किंचित वर चढतो आणि पुन्हा तिथेच ठाण मांडतो. चार-साडेचार मिनिटं हे चालतं, आणि ताण असा वाढतो की खुर्चीत नीट बसवत नाही. मग एकदम लय दुप्पट, सॅक्सोफोन सुटतो, आणि शेवटी सुरुवातीचीच धून परत येते, पण आता सगळा बँड अंगावर घेऊन. बारा मिनिटांचा हिशेब चुकता.

वर्गात मुलांना हे मोजायला लावतो तेव्हा सगळी तीच चूक करतात. बारावर आवर्तन संपलं असं समजून समेवर उडी मारतात, आणि एक मात्रा हातात उरते. दहा-बारा वेळा आपटल्यावर जमतं. गंमत म्हणजे ही बेसची ओळ ब्रुफर्डने, म्हणजे ड्रमरने आणलेली. गाण्याचा मुखडा वेटनचा. तो त्याने आधीच्या अल्बमसाठी पुढे केला होता, तेव्हा कुणाला फारसा आवडला नाही. सुरुवातीची धून मंचावर डेव्हिड क्रॉसच्या व्हायोलिनवर वाजायची, अल्बमवर ती फ्रिपच्या गिटारवर आली. म्हणजे ज्या गाण्याला लोक ‘फ्रिपचं’ म्हणतात, ते चौघांच्या गाठोड्यातून निघालंय. आणि अल्बम बाजारात आला तोवर क्रॉस बँडमध्ये नव्हता. बँडसुद्धा नव्हता!

आता मागे जाऊ.

पहिला संच: फ्रिप, ड्रम्सवर मायकल जाइल्स, सॅक्स-बासरी-मेलोट्रॉनवर इयन मॅकडोनाल्ड, बेस आणि गळा ग्रेग लेकचा, आणि शब्द लिहायला पीटर सिनफील्ड, जो वाजवत नव्हता पण बँडचा सभासद होता. लेक मुळात गिटारवाला. फ्रिप आणि तो दोघे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातले, लहानपणी एकाच मास्तरांकडे, डॉन स्ट्राइक यांच्याकडे, गिटार शिकलेले. बँडमध्ये गिटार आधीच होती म्हणून लेकने बेस घेतला. त्याच्या बेसमध्ये ते ऐकू येतं. ओळी गातात, नुसता पाया धरून बसत नाहीत.

१३ जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये फुलम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात तालमी सुरू झाल्या. ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी हे लोक लाखोंच्या गर्दीपुढे उभे होते. १० ऑक्टोबरला ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ आला आणि इंग्लंडच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. बाहेरचा निर्माता नेमून पाहिला होता, जमलं नाही, शेवटी पोरांनी स्वतःच रेकॉर्डिंग पार पाडलं. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा लालबुंद चेहरा बॅरी गॉडबर नावाच्या तरुणाने काढला; अल्बम आल्यावर काही महिन्यांतच तो वारला. आणि डिसेंबरात, अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यावर, बँड फुटला. एका वर्षात बारसं, कीर्ती आणि वाटण्या.

तुमच्या आवडत्या ‘स्किझॉइड मॅन’मधला मधला भाग आठवा. सगळे मिळून एकच अतिवेगवान ओळ वाजवतात, मध्ये कातरीने कापावी तशी शांतता, पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. ते थांबे नीट ऐका. जाइल्स तिथे काय वाजवतो यापेक्षा काय वाजवत नाही ते बघा. तबल्यावर एखादा तयारीचा माणूस तिहाईच्या मधल्या दमात जशी सभा रोखून धरतो, तसला प्रकार आहे.

वाटण्या कुणी केल्या? मॅकडोनाल्ड आणि जाइल्स स्वतः निघाले. दौऱ्याची दगदग मानवली नाही आणि संगीत फार काळोखं होत चाललंय असंही त्यांना वाटत होतं. फ्रिप तेव्हा म्हणाला की तुम्ही राहा, मीच जातो. ते राहिले नाहीत. लेकला त्याच दौऱ्यात कीथ इमर्सन भेटला, आणि पुढे त्यांचा इमर्सन, लेक अँड पामर झाला. म्हणजे पहिल्या फुटीचं खापर तरी फ्रिपवर फोडता येत नाही.

पुढची दोन वर्षं मी भरभर सांगतो, कारण तेव्हा बँड म्हणजे फ्रिप, सिनफील्ड आणि ‘आज कोण मोकळं आहे?’ असा कारभार होता. ‘इन द वेक ऑफ पोसायडन’ (१९७०) मध्ये लेक जाता जाता गाऊन गेला, ड्रम्स-बेसला जाइल्स बंधू आले, एक गाणं गॉर्डन हॅस्केलने म्हटलं. अल्बमची मांडणी पहिल्याचीच झेरॉक्स आहे: आधी एक दणका, मग एक मऊ गाणं, मग एक मोठं रडगाणं. मला त्यात कीथ टिपेटच्या पियानोचा ‘कॅट फूड’मधला धिंगाणा सोडून फारसं धरून ठेवावंसं वाटत नाही. ‘लिझर्ड’ (१९७०) मध्ये हॅस्केल बेस आणि गायनाला, अँडी मॅकुलक ड्रम्सला, शिवाय जॅझमधली पितळी वाद्यं, आणि येस बँडचा जॉन अँडरसन पाहुणा गायक म्हणून. वर्षानुवर्षं मला तो जेवणाच्या पंगतीतला गलका वाटायचा. २००९ साली स्टीव्हन विल्सनने त्याचं मिक्सिंग नव्याने केलं, तेव्हा कोण कुठे बसलंय ते पहिल्यांदा दिसलं. ऐकायचा तर तोच ऐका. हॅस्केल आणि मॅकुलक एकही जाहीर कार्यक्रम न करता गेले.

मग ‘आयलंड्स’ (१९७१). इथे बेसवाल्यांनी जरा थांबायला हवं. गायक हवा होता, बेसवादकही हवा होता. गायक म्हणून बॉझ बरेल मिळाला. (चाचणीला ब्रायन फेरीही येऊन गेला होता. त्याला घेतलं नाही, पण त्याच्या रॉक्सी म्युझिकला आपल्याच व्यवस्थापकांकडे वाट दाखवली.) बेसवाला मात्र ठरेना, आलेला टिकेना. शेवटी फ्रिपने बॉझलाच बेस शिकवायला घेतला. ज्याने बेस हातात धरला नव्हता त्या माणसाला, किंग क्रिम्सनचं संगीत! सुरावटी पाठ करून घेतल्या. ड्रमर इयन वॉलेसही मदतीला होता. ‘आयलंड्स’वरचा बेस म्हणूनच साधा, जागा सोडणारा आहे, आणि मला वाटतं त्या अल्बमची सगळी हवा त्यामुळेच मोकळी झालीय. मुलं मला म्हणतात, सर, अजून स्केल्स पक्क्या नाहीत, बँडमध्ये कसं वाजवू? त्यांना मी बॉझची गोष्ट सांगतो. तो पुढे बॅड कंपनीत गेला, बेसवादक म्हणूनच, आणि तिथे त्याने भरपूर नाव आणि पैसा कमावला.

सिनफील्डला मात्र फ्रिपनेच दूर केलं, १९७१ संपता संपता. बाकीचे तिघे, बॉझ, वॉलेस आणि सॅक्सवाला मेल कॉलिन्स, करार होता म्हणून १९७२ चा अमेरिकेचा दौरा उरकून बाहेर पडले. त्या दौऱ्याचा ‘अर्थबाउंड’ हा अल्बम साध्या कॅसेटवर टिपलेला आहे आणि तसाच वाजतो. आवाजाच्या दर्जामुळे अमेरिकेतल्या कंपनीने तेव्हा तो काढायलाच नकार दिला.

इथपर्यंत बहुतेक बँड मेलेले असतात.

१९७२ च्या उन्हाळ्यात फ्रिपने जे केलं त्यात त्याची खरी हुशारी आहे. गेलेल्या माणसाच्या जागी तसाच दुसरा आणायचा, हा सगळ्या बँडांचा शिरस्ता. सॅक्सवाला गेला, दुसरा सॅक्सवाला बघा. फ्रिपने सॅक्सची जागाच मोडीत काढली आणि व्हायोलिनवाला आणला, डेव्हिड क्रॉस. बेसला फॅमिली बँडमधून जॉन वेटन. ड्रम्सला बिल ब्रुफर्ड, जो तेव्हा येसमध्ये होता, ‘क्लोज टू द एज’ नुकताच पुरा केला होता आणि पुढे पैसाच पैसा दिसत होता. ते सोडून तो इकडे आला. आणि त्याच्या शेजारी तालवाद्यांना जेमी म्युअर, ज्याच्या सरंजामात पत्रे, साखळ्या, भोंगे, घंटा, बोटांनी वाजवायचा आफ्रिकी पियानो, काय वाट्टेल ते होतं. मंचावर तो तोंडात खोट्या रक्ताच्या गोळ्या फोडायचा.

ब्रुफर्ड तोवर घड्याळासारखा नेटका वाजवणारा मुलगा. संगीत आपल्यासाठी नसतं, आपण संगीतासाठी असतो, हे आपल्याला म्युअरने शिकवलं, असं त्याने पुढे पुन्हापुन्हा सांगितलंय. ‘लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक’ (१९७३) मध्ये हे शिकणं चालू असतानाच टिपलं गेलंय. अल्बम बाहेर यायच्या सुमाराला म्युअर सगळं सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात निघून गेला. त्याची आणखी एक करामत आपल्याकडच्या वाचकाला गोड वाटेल. ब्रुफर्डच्या लग्नात त्याची जॉन अँडरसनशी गाठ पडली आणि त्याने अँडरसनला परमहंस योगानंदांचं ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ वाचायला सुचवलं. त्यातल्या एका तळटीपेवरून येसचा चार बाजूंचा एक अख्खा अल्बम उभा राहिला. तो अल्बम चांगला की कंटाळवाणा, यावर भांडणं अजून चालू आहेत.

‘लार्क्स टंग्ज’चा दुसरा भाग शिकायला घ्या. मुख्य ओळ दहाची आहे. आपल्या कानाला दहा म्हटलं की झपताल: दोन-तीन-दोन-तीन. इथे वाटणी तीन-तीन-दोन-दोन आहे. झपतालात मुरलेल्या एका तबलजी मित्राला मी हे ऐकवलं. तो मांडीवर हात मारत राहिला आणि दर वेळी सातव्या मात्रेला त्याचा हात हवेत. शेवटी म्हणाला, ‘ताल सरळ आहे, माणसंच तिरकी आहेत.’

‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ (१९७४) बद्दल नवख्यांचा एक घोटाळा होतो तो निस्तरतो. ‘स्टारलेस’ हे गाणं या अल्बमवर नाही, ते ‘रेड’वर आहे. दोन्ही नावं कवी डिलन टॉमसच्या एकाच ओळीतून आलीत. दुसरी गोष्ट, हा स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला तरी त्यातला बराचसा भाग मंचावर टिपलेला आहे, टाळ्या कापून टाकलेल्या. ‘ट्रिओ’ ही त्यातली एक उत्स्फूर्त रचना, ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउमध्ये नोव्हेंबर १९७३ मध्ये वाजलेली. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉन इतकं हळुवार चाललं होतं की ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून नुसता बसून राहिला. एकही ठोका दिला नाही. बाकीच्यांनी रचनेच्या श्रेयात त्याचं नाव घातलं, कारण न वाजवणं हाही त्याचाच निर्णय होता. ड्रम्स शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही रचना आधी ऐकवतो, मग काठ्या हातात देतो. ॲम्स्टरडॅमची ती अख्खी रात्र १९९७ मध्ये ‘द नाइट वॉच’ नावाने बाहेर आली आहे, मिळाली तर सोडू नका.

या संचाचं दुखणंही बेस-ड्रम्सच होतं. वेटन आणि ब्रुफर्ड मिळून म्हणजे उडत येणारी विटांची भिंत, असं वर्णन खुद्द फ्रिपचं आहे. वेटनचा बेस कर्कश, फाटलेला, गिटारच्या तोंडावर जाणारा. त्या भिंतीपुढे क्रॉसचं व्हायोलिन ऐकू येईना; ते ऐकू यावं म्हणून तो आवाज वाढवणार, तर व्हायोलिनचं व्हायोलिनपण जाणार. १ जुलै १९७४ ला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात शेवटचा कार्यक्रम झाला आणि क्रॉसला काढलं. हे काढणंच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. तिघांनी लगेच लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ‘रेड’ केला. मॅकडोनाल्ड आणि कॉलिन्स पाहुणे म्हणून वाजवायला आले, मॅकडोनाल्ड पुन्हा बँडमध्ये येणार असं ठरतही होतं. आणि सप्टेंबरात, अल्बम यायच्या काही दिवस आधी, फ्रिपने बँड कायमचा संपल्याचं जाहीर केलं. तो तेव्हा जे. जी. बेनेट यांच्या आध्यात्मिक शिकवणीकडे ओढला गेला होता. पुढच्याच वर्षी तो त्यांच्या शेरबोर्न हाउसमध्ये दहा महिन्यांच्या शिबिराला जाऊन राहिला. वेटन आणि ब्रुफर्डची अवस्था काय झाली असेल, विचार करा. पान वाढलं, आणि यजमान उठून गेले.

सात वर्षं काही नाही. १९८१ मध्ये फ्रिपने नवा चौघांचा बँड काढला, नाव ‘डिसिप्लिन’. थोड्याच दिवसांत त्याला वाटलं की हे तर किंग क्रिम्सनच आहे, आणि बँडचं नाव बदललं; ‘डिसिप्लिन’ हे नाव त्याच वर्षीच्या अल्बमला राहिलं. ब्रुफर्ड परत, बाकीचे दोघे अमेरिकन: गिटार आणि गायनाला एड्रियन बेल्यू, जो झाप्पा, बोवी आणि टॉकिंग हेड्सबरोबर वाजवून आलेला, आणि बेसला टोनी लेव्हिन. किंग क्रिम्सनमध्ये फ्रिपशिवाय दुसरा गिटारवाला पहिल्यांदाच आला.

लेव्हिनने बेसबरोबर चॅपमन स्टिक आणली. लांबलचक फळी, दहा तारा, छेडायच्या नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी मानेवर ठोकायच्या, पियानोसारख्या. ‘एलिफंट टॉक’ची सुरुवात म्हणजे तीच स्टिक. मी आयुष्यात एकदाच एका स्टुडिओत ती गळ्यात अडकवून पाहिली, पाच मिनिटांत हात वर केले. ब्रुफर्डवर झांजा जवळजवळ न वाजवायचं बंधन आलं. झांजांचा सूंऽऽ आवाज गेल्यावर दोन गिटारींना वर मोकळं आकाश मिळालं. मेलोट्रॉन नाही, सॅक्स नाही, व्हायोलिन नाही. वेटनची विटांची भिंत पाडून तिथे जाळी विणली.

ती जाळी ‘डिसिप्लिन’वरच्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये पाहा. दोन्ही गिटारी सातच्या चक्रात एकच ओळ वाजवतात. मग एकजण शेवटचा एक स्वर गाळतो. एकाचे चौदा, दुसऱ्याचे तेरा. दर फेरीला दुसरा एका स्वराने पुढे सरकतो, आणि तीच ओळ स्वतःच्याच सावलीशी पाठशिवणी खेळायला लागते. जावा-बालीच्या गामेलान या वाद्यवृंदातून आलेली ही एकमेकांत गुंतण्याची कल्पना. वर्गात मी दोघांना समोरासमोर बसवतो. एकाने रूपक म्हणायचा, ती ती ना धी ना धी ना. दुसऱ्याने तोच, पण शेवटचा ‘ना’ खाऊन. सात विरुद्ध सहा. पहिल्याची सहा आवर्तनं झाली की दोघांची सम जुळायला हवी. पहिल्या दिवशी तिसऱ्या आवर्तनाला एकजण हसतो आणि खेळ मोडतो, हे ठरलेलं.

याच अल्बमवर ‘थेला हुन जिंजीत’ आहे, जे ‘हीट इन द जंगल’मधली अक्षरं उलटीपालटी करून केलेलं नाव. गाण्यासाठी रस्त्यावरचे आवाज टिपायला बेल्यू लंडनमध्ये टेप-रेकॉर्डर घेऊन हिंडत होता. आधी एका टोळक्याने घेरलं, तिथून सुटला तर पोलिसांनी अडवलं. थरथरत स्टुडिओत येऊन तो घडलेलं सांगायला लागला आणि फ्रिपने त्याच्या नकळत ते टिपायला लावलं. गाण्यात ऐकू येणारं ते बोलणं म्हणजे तोच प्रसंग. ‘बीट’ (१९८२) करताना बेल्यूचं आणि फ्रिपचं वाजलं, बेल्यूने त्याला चक्क स्टुडिओतून जायला सांगितलं. ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ (१९८४) नंतर दुकान पुन्हा बंद. तिन्ही अल्बमवर तेच चौघे, हे क्रिम्सनमध्ये पहिल्यांदाच घडलं. तरी तिसऱ्यापर्यंत सूत जरा सैल झालंय. त्यातलं ‘स्लीपलेस’ मात्र बेससाठी ऐकाच.

१९९४ मध्ये तेच चौघे अधिक ट्रे गन (तोही स्टिकवाला) आणि ड्रमर पॅट मॅस्टेलॉटो. दोन गिटार, दोन बेस, दोन ड्रम्स, जोडत्रिकूट. ‘थ्रॅक’ (१९९५) मध्ये ‘रेड’चं वजन आणि ‘डिसिप्लिन’ची जाळी एकत्र आलीत. पुढे सहाजणांचा गाडा ओढणं जड झालं. छोट्या छोट्या तुकड्या करून प्रयोग केले, त्या काळात ब्रुफर्ड गेला, स्वतःहून. ‘द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट’ (२००० ) मला कधीच भावला नाही, इलेक्ट्रॉनिक ड्रम्समुळे सगळं प्लॅस्टिकचं वाटतं. २०१९ मध्ये मॅस्टेलॉटोने त्याचे ड्रम्स नव्याने वाजवून अल्बम पुन्हा काढला, म्हणजे तक्रार माझी एकट्याची नसावी. ‘द पॉवर टू बिलीव्ह’ (२००३) मात्र भक्कम आहे. तो शेवटचा स्टुडिओ अल्बम.

पण शेवटचा बँड नव्हे. २०१४ मध्ये सातजण आले: तीन ड्रमर मंचावर पुढच्या रांगेत, बाकीचे मागे उंचावर, आणि कोपऱ्यात स्टुलावर फ्रिप. ड्रम्सला मॅस्टेलॉटो, गॅव्हिन हॅरिसन आणि बिल रीफ्लिन; नंतर जेरेमी स्टेसी. बेस लेव्हिन. सॅक्सला मेल कॉलिन्स, सभासद म्हणून १९७२ नंतर चार दशकांनी. गिटार आणि गायनाला जॅको जॅक्सझिक, जो एकेकाळी मायकल जाइल्सचा जावई होता. बेल्यूला या संचात घेतलं नाही आणि ते त्याला लागलं. या बँडने ‘आयलंड्स’, ‘लिझर्ड’मधल्या जन्मात न वाजलेल्या गोष्टी मंचावर आणल्या. तीन ड्रमर म्हणजे तिप्पट आवाज असं वाटेल, पण हॅरिसनने वाटणी अशी बसवली होती की एकच ठोका तिघांत फिरायचा, एकाने उचललेला दुसरा टाकणार. स्टुडिओ अल्बम त्यांनी केलाच नाही, म्हणून ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’ (२०१६) हा मंचावरचा संग्रह घ्या. फोटो काढायला कार्यक्रमभर बंदी असायची. शेवटी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा उचलला की प्रेक्षकांनी आपले काढायचे.

तर हाकलण्याचा हिशेब: सिनफील्ड, क्रॉस आणि १९७४ चा सगळा बँड हे फ्रिपच्या खात्यावर, बेल्यूचंही तिथेच मांडा. मॅकडोनाल्ड, जाइल्स, लेक, हॅस्केल, म्युअर, ब्रुफर्ड आपल्या पायांनी गेले. एक बँड म्हणायचा का, याला माझं उत्तर हो. दर वेळी जमलेल्या माणसांना काय येतं ते बघून संगीत ठरवायचं, आधीच्या संगीतासाठी माणसं भरायची नाहीत, ही रीत शेवटच्या सात वर्षांचा अपवाद सोडला तर कायम राहिली. शेवटच्या बँडने जुनं वाजवलं, पण तेही ओळखू येणार नाही इतकं नव्याने बसवून.

ऐकायचा क्रम: ‘रेड’, मग ‘डिसिप्लिन’, मग ‘लार्क्स टंग्ज’, आणि त्यानंतर पहिला अल्बम पुन्हा. तो आता वेगळा ऐकू येईल. मग ‘थ्रॅक’. ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ला पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात लावू नका. बेस घेऊन बसणार असाल तर ‘स्टारलेस’ आधी नुसतं मोजा, टाळी देऊन, वाद्य बाजूला ठेवून. तेरा पक्के झाल्याशिवाय तारेला बोट लावायचं नाही.

बँड परत येईल का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोच्या ऑर्चर्ड हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. २०२४ पासून बेल्यू आणि लेव्हिन, गिटारवाला स्टीव्ह वाय आणि ड्रमर डॅनी केरी यांना घेऊन, ‘बीट’ या नावाने ऐंशीच्या दशकातली गाणी वाजवत फिरले, फ्रिपच्या संमतीने. फ्रिप त्यात नाही. टोकियोत त्या रात्री सगळ्यात शेवटी वाजलं ते ‘स्टारलेस’, पूर्ण, तेरा मात्रांसकट.